कम्युनिटी कॉलेजातलं 'करेक्शन्स': सर उत्तम, काउन्सेलर बेभरवशाचे

सोलापूरच्या कोर्टात काही वर्षं वकिली करून मी कॅलिफोर्नियात आले. आता इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या पदव्या देणारं स्वस्त सरकारी कॉलेज) 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस'ची, म्हणजे पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांच्या कारभाराची, दोन वर्षांची पदवी करतेय. ओळखीतल्या आया मुलांसाठी सारखं विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी पैशाचं. राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला (म्हणजे क्रेडिटला) 46 डॉलर, म्हणजे तीन युनिटांचा विषय 138 डॉलरला. पुस्तक मात्र कधीकधी तेवढ्यालाच पडतं.

सगळ्यात जमलेला विषय 'इंट्रोडक्शन टू करेक्शन्स', म्हणजे शिक्षा झालेल्यांची तुरुंग, पॅरोल वगैरे व्यवस्था. शिकवणारे सर निवृत्त पॅरोल एजंट, म्हणजे तुरुंगातून सुटलेल्यांवर देखरेख ठेवणारे अधिकारी. पहिल्याच तासाला त्यांनी त्या महागड्या पुस्तकातलं एक वाक्य खोडायला लावलं: वर्षभरापर्यंतची शिक्षा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखी) जेलमध्ये, त्याहून मोठी राज्याच्या प्रिझनमध्ये. देशभर खपणाऱ्या पुस्तकात हे ठीक आहे. पण कॅलिफोर्नियात ऑक्टोबर 2011 पासून, एबी 109 कायद्याने, गंभीर, हिंसक किंवा लैंगिक नसलेल्या बऱ्याच गुन्ह्यांची कित्येक वर्षांची शिक्षासुद्धा शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्याच, जेलमध्ये काढावी लागते. खटल्याची वाट बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत माणूस वर्षानुवर्षं राहिला की दवाखान्यापासून मोकळ्या अंगणापर्यंत काय काय अपुरं पडतं, यावर सर तासभर बोलले. एकही स्लाइड नाही.

या सगळ्याच्या मुळाशी गर्दी. त्याच वर्षीचा ब्राउन विरुद्ध प्लाटा हा निकाल सरांनी मुळातून वाचायला लावला. राज्याच्या तुरुंगांत क्षमतेच्या जवळपास दुप्पट माणसं होती. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी क्षमतेच्या 137.5 टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली. निकालाला कोंबून भरलेल्या बराकींचे फोटो जोडलेत. एलएलबीला कैद्यांच्या हक्कांवरचा आपल्याकडचा सुनील बत्रा निकाल (1978) आम्ही परीक्षेपुरता घोकला होता, फोटोबिटो कोण बघतंय!

वर्गातली माणसंही शिकवतात. एक जण सिक्युरिटीच्या रात्रपाळीला जाण्याआधी येतो. एकीचा भाऊ आत आहे. तो काउंटीत असताना फोनला पैसे मोजावे लागायचे, राज्याच्या तुरुंगात गेल्यावर फोन फुकट झाला, हे तिने सांगितलं. राज्याच्या तुरुंगांतले फोन 2023 पासून फुकट आहेत, काउंट्यांना तो कायदा लागू नाही.

आता रडगाणं. प्रास्ताविक विषय ऑनलाइन घेऊ नका. प्रकाशकाने तयार करून दिलेल्या क्विझ आणि चर्चेत 'तुझं पटलं' छाप उत्तरं, बास. कोणते विषय घ्यायचे ते सांगणाऱ्या काउन्सेलिंगची तर बोंबच: दोन काउन्सेलरांनी मला दोन वेगळ्या विषयांच्या याद्या दिल्या. चार वर्षांच्या पदवीकडे जाण्यासाठी (ट्रान्सफर) असलेल्या 60 युनिटांच्या पदवीने कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठात प्रवेशाची हमी मिळते, पण हवा तोच कॅम्पस मिळेल असं नाही, हे मला वर्गमैत्रिणीकडून कळलं.

आणि मुलाला फक्त राज्याच्या तुरुंगात करेक्शनल ऑफिसर व्हायचं असेल, तर ही पदवी लागतच नाही. हायस्कूल पुरतं, वय 21 हवं, मग गॉल्ट गावातली 13 आठवड्यांची प्रशिक्षण अकादमी. प्रोबेशन ऑफिसर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणारा) व्हायचं असेल तर अनेक काउंट्या चार वर्षांची पदवी मागतात. तिथे ही स्वस्तातली पहिली दोन वर्षं खरी कामाला येतात.

माझ्याकडून पाचपैकी चार. सरांचा वर्ग फक्त स्प्रिंग सत्रात, संध्याकाळी असतो. नोंदणी उघडते त्याच दिवशी नाव घाला, वेटलिस्ट लांबलचक असते.