वर छापलंय ४६०, आत भलतंच

पहिला बार उडाला तेव्हा मला हसू आलं होतं. टेस्ला कॉइल (हवेत ठिणग्या सोडणारी उच्च व्होल्टेजची गुंडाळी) करायची म्हणजे दोन-चार मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळायचेच, एवढं ऐकून होतो. पाचव्या वेळी मात्र घरातला एमसीबी पडला, खालून "अहो, वॉशिंग मशीन मधेच थांबलं!" अशी हाक आली, आणि मी गच्चीवरच्या खोलीत काळ्या प्लॅस्टिकचे कपचे वेचत बसलो. गॉगल घातला होता म्हणून बरं.

कॉइलमध्ये तसं जगावेगळं काही नव्हतं. ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, त्यावर ३२ गेजच्या इनॅमल तारेचे हजारेक वेढे, माथ्यावर ॲल्युमिनियमच्या डक्टचं कडं. टेस्लाने १८९१ मध्ये प्रवाह चालू-बंद करण्याचं जे काम स्पार्क गॅपकडून, म्हणजे ठिणगी उडणाऱ्या फटीकडून करून घेतलं, ते आजच्या सॉलिड स्टेट कॉइलमध्ये मॉसफेट करतात. माझ्या हाफ ब्रिजमध्ये, म्हणजे आळीपाळीने चालू होणाऱ्या जोडीत, आयआरएफपी४६० या नंबरचे दोन मॉसफेट होते. डेटाशीटप्रमाणे (कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे) ५०० व्होल्ट, २० अँपिअरपर्यंत सोसणारे. घरचे २३० व्होल्ट रेक्टिफाय केले की साधारण ३२५ व्होल्ट डीसी मिळतो, म्हणजे कागदावर भरपूर सैल माप.

मॉसफेट घेतले पुण्यात, तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून. ८० रुपयांना एक, असे दहा. दुसरीकडे याच नंबरचे तिप्पट दर सांगत होते, आणि मला वाटलं आपण हुशार. दुकानदाराने काउंटरवरच मीटर लावून एकेक तपासून दिला. चालू केला की बीप वाजतोय, एरवी शॉर्ट नाही, डायोड बरोबर दाखवतोय. त्या बीपवर माझा पूर्ण विश्वास बसला. बिल मागितलं तर वहीच्या पानावर आकडा लिहून दिला. "सेमीकंडक्टर परत घेतले जाणार नाहीत" ही पाटी डोक्यावरच होती. ती वाचूनही मी पैसे दिले.

डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू चढवायचो. ६० व्होल्टपर्यंत सगळं झकास, टोकावर जांभळी ठिणगी तडतडायची. शंभरच्या पुढे बोटभर फांद्या फुटायच्या, आणि दीडशेच्या आसपास धडाम. दोन्ही मॉसफेट एकदम.

मी दोष कुणाला दिला? स्वतःला. डेड टाइम (एक मॉसफेट बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंतची सवड) कमी पडत असेल म्हणून तो वाढवला. गेटचे (मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या पायाचे) रेझिस्टर बदलले, ड्रायव्हरची वायर आखूड केली, गेट ट्रान्सफॉर्मर तीनदा गुंडाळला. (त्यातही एकदा फसलोच. फेराइट म्हणून मिळालेलं कडं पिवळं-पांढरं, कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधलं, या कामाला न चालणारं आयर्न पावडरचं निघालं. ऑसिलोस्कोपवर चौकोनी पल्सचा माथा उतरता दिसला तेव्हा कळलं.) दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, "साहेब, टेस्ला कॉइल म्हणजे फटाके वाजणारच. सर्किटमध्ये बघा." पटलं मला. त्याच्याकडूनच आणखी दहा घेऊन आलो. आता आठवलं की लाज वाटते, पण या धंद्याची खरी ताकद इथेच आहे. जळालेल्या मॉसफेटकडे बघून तो खोटा होता की तुमचं सर्किट चुकलं होतं, हे सांगता येत नाही. नवशिक्या हौशी माणूस दरवेळी स्वतःचंच सर्किट खोलतो.

चौदा जळाल्यावर भोसरीतला एक मित्र आठवला. तो इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन दुरुस्त करतो. उरलेल्या सहांपैकी एक त्याने तळहातावर घेतला, जरा उडवला आणि म्हणाला, "अरे, हे कुठून उचललेस? हलका लागतोय."

मग त्याने कापसाच्या काडीला ॲसिटोन लावून अक्षरांवरून फिरवलं. काडी काळी झाली. ४६० पुसट झालं, आणि वरच्या काळ्या थराखाली घासलेल्या आडव्या रेषा दिसायला लागल्या. जुना नंबर पॉलिशपेपरने घासून, वर काळा लेप देऊन नवा छापलेला. हे काम कच्चं होतं म्हणून पुसलं गेलं. लेझरने कोरलेले असतील तर ॲसिटोनने काहीच होत नाही, तेव्हा नुसत्या या तपासणीवर जाऊ नका.

त्याच्याकडच्या कंपोनंट टेस्टरवर गेटचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) पाहिला. डेटाशीटमध्ये इनपुट कपॅसिटन्स ४२०० पिकोफॅरडच्या आसपास दिलाय, तोही ड्रेनवर (मुख्य प्रवाहाच्या पायावर) २५ व्होल्ट असताना. व्होल्टेज न देता मोजला तर खऱ्याचा आकडा त्याहून जास्तच यायला हवा. माझे सगळे १५०० च्या आत-बाहेर. नंतर गेटला १२ व्होल्ट देऊन ड्रेनमधून दोन अँपिअर सोडले. खऱ्याचा रेझिस्टन्स ०.२७ ओहम, म्हणजे अर्ध्या व्होल्टच्या आसपास ड्रॉप हवा. मीटर दाखवत होता १.७ व्होल्ट. म्हणजे ०.८५ ओहम, जो आयआरएफ८४० चा डेटाशीटमधला आकडा आहे. तोही ५०० व्होल्टचाच, पण ८ अँपिअरचा. दहा अँपिअरला खरा २७ वॉट तापतो, हा ८५. माझं सर्किट बिचारं निर्दोष होतं.

शेवटी एक व्हाइसमध्ये धरून फोडला. आत चिप ज्वारीच्या दाण्याहून जराशी मोठी. मित्राने स्वतःच्या भंगारातला एक अस्सल जळका फोडून शेजारी ठेवला, त्याची करंगळीच्या नखाएवढी. साधा मीटर दोन्हींना सारखाच बीप देतो, कारण लहान चिपसुद्धा मॉसफेटच असते.

नवे दोन अधिकृत वितरकाकडून जीएसटीच्या बिलासह मागवले. टेस्टरवर आधी मोजले, मग लावले. त्याच बोर्डवर, त्याच ट्रान्सफॉर्मरवर कॉइल पूर्ण व्होल्टेजला चालली.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करायचं मनात होतं, पण हातात काय, तर वहीचं पान. त्यावर ना दुकानाचं नाव, ना मॉसफेटचा नंबर. तरी एका शनिवारी फोडलेल्या दोन्ही चिपा डबीत घालून दुकानात गेलो आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. त्याने चष्मा वर करून नीट पाहिलं. रागावला नाही, ओशाळलाही नाही.

"साहेब, ओरिजिनल पाहिजे होता तर आधी सांगायचं ना. तो वेगळा येतो."