फोटो एकत्र करून देतो म्हणाला आणि…

बेळगावच्या शहापुरात आमचा साड्यांचा माग होता. आप्पा गेले, माग विकला. राहिले होते ते त्यांचे मागावर बसलेले फोटो. तेही एका जागी कुठले! थोडे घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर, थोडे दुकानातल्या लॅपटॉपवर, थोडे खानापूरला भावाकडे. शिवजयंतीचे चित्ररथ, राजहंसगडावरची सहल, भाचीचं बारसं, सगळं एकात एक मिसळलेलं. एकच फोटो चार ठिकाणी, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली त्याची पुसट नक्कल वेगळी.

ओळखीतून एक जण आला. "अण्णा, तिन्हीतलं एकत्र करतो, डुप्लिकेट काढतो, काही काळजी करू नका की." कामाचे २,५०० आणि 'दोन टीबी'च्या, म्हणजे दोन हजार जीबीच्या ड्राइव्हचे १,८०० रुपये ठरले. त्या मापाची खरी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारा ड्राइव्ह, याच्या कितीतरी पट महाग असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बिल मागितलं तर म्हणाला, "आपल्यात बिल कशाला?" मी रोख पैसे दिले.

दोन दिवसांनी त्याने ड्राइव्ह लावून दाखवला. वर्षावार फोल्डर, आकडा बरोबर १९० जीबी. पहिले दोन-तीन फोल्डर मी स्वतः उघडले, फोटो छान दिसले. मग तो म्हणाला, तिकडे ठेवलं तर परत डुप्लिकेटच होणार, आणि माझ्यासमोर तिन्ही मशीनवरचे फोटो पुसून टाकले. मी होकार दिला. तो होकार अजून मनात सलतो.

पंधरा दिवसांनी आईला आप्पांचा फोटो मोठा करून हवा होता. फोल्डर होतं, फाइलचं नाव होतं, साइजही होती, फोटो मात्र उघडेना. शेजारचा नाही, पुढचाही नाही. कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने ड्राइव्ह तपासला तेव्हा कळलं, आतली खरी जागा जेमतेम ३२ जीबी. कॉम्प्युटरला दोन टीबी असल्याचं खोटं सांगेल असा त्याच्या चिपमधला प्रोग्राम बदललेला असतो. नावांची यादी सुरुवातीलाच लिहिली जाते, म्हणून सगळं आहेसं वाटतं. जागा संपल्यावर पुढचे फोटो कुठेच जात नाहीत, किंवा आधीच्यांवरच लिहिले जातात. सुरुवातीचे फोटो खऱ्या जागेत बसले होते, पहिले फोल्डर उघडले ते एवढ्यासाठीच.

फोन केला तर पहिल्यांदा, "तुमचं मशीनच खराब." नंतर फोन उचलणं बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं, तर पहिला प्रश्न बिलाचा.

घरच्या कॉम्प्युटरला साधी हार्ड डिस्क होती. पुतण्याने ती लगेच काढून ठेवली, तिच्यावर नवीन काही लिहू दिलं नाही, आणि फोटोरेक या फुकटच्या प्रोग्रामने बरेच फोटो परत काढले. नावं सगळी गेलेली, पण कॅमेऱ्याने फोटोच्या आत नोंदलेली तारीख शाबूत, तिच्यावरून हुडकत बसतोय. भावाच्या लॅपटॉपला एसएसडी. तिथे पुसलेली जागा मशीन स्वतःच मोकळी करून टाकतं, त्यामुळे एकही फोटो मिळाला नाही. भाचीचं बारसं तिथेच होतं.

काम देणार असाल तर ड्राइव्ह स्वतः बिलासकट घ्या आणि रिकामा असतानाच 'एच२टेस्टडब्ल्यू'ने पूर्ण भरून तपासा. हा प्रोग्राम ड्राइव्ह भरतो आणि लिहिलेलं परत वाचून बघतो. रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ लागला तरी लागू द्या. डुप्लिकेट नावावरून काढू देऊ नका. बरेच कॅमेरे ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून मोजतात, म्हणून एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असू शकतात. फाइलच्या आतला मजकूर जुळवून बघणारा डुपगुरूसारखा प्रोग्राम वापरा. आणि शेवटचं फोल्डर उघडून बघेपर्यंत, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर होईपर्यंत, मूळ फोटोंना कुणालाही हात लावू देऊ नका.

आप्पांचे मागावरचे अकरा फोटो आतापर्यंत मिळालेत. त्यातला एक आईने देवघराशेजारी लावलाय.