डॉलर स्ट्रीट: बारा चुली, एक दोरी आणि सातवीचा वर्ग

गरिबी, विषमता, शाश्वत विकास. हे शब्द फळ्यावर लिहिले की मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत परत लिहितात आणि विसरून जातात. सामाजिक शास्त्रं शिकवताना मला हे कायम खुपत आलंय. मध्यंतरी शाळेनं एका कंपनीकडून ‘जागतिक प्रश्न’ या विषयावरचा तक्त्यांचा महागडा संच घेतला. गुळगुळीत कागद, प्रत्येक तक्त्यावर एका रडवेल्या मुलाचा चेहरा आणि खाली एक भलामोठा आकडा. दोन वर्षांत आकडे शिळे झाले आणि संच कपाटावर गेला. एवढ्या पैशात वाचनालयाला किती पुस्तकं आली असती!

त्यानंतर मी फुकटात काय मिळतं ते शोधायला लागले आणि ‘डॉलर स्ट्रीट’ सापडलं. गेली तीन वर्षं मी ते वर्गात वापरते आहे, म्हणून आता खात्रीनं लिहिते.

स्वीडनमधल्या गॅपमाइंडर या संस्थेची ही वेबसाइट. अ‍ॅना रोसलिंग रोनलुंड यांची ही कल्पना. सगळं जग एकाच रस्त्यावर राहतं असं समजायचं. सगळ्यात गरीब घर डाव्या टोकाला, सगळ्यात श्रीमंत उजव्या टोकाला आणि बाकी सगळे मधे. छायाचित्रकारांनी खऱ्या घरांत जाऊन एकाच यादीतल्या वस्तूंचे फोटो काढले आहेत: चूल, बिछाना, संडास, साबण, दात घासायचा ब्रश, मुलांची खेळणी, घरातली सगळ्यात आवडती वस्तू. 2017 मध्ये 50 देशांतली 264 घरं होती, आता 60हून जास्त देशांतली 400च्या वर आहेत. विषय निवडला की त्या वस्तूचे फोटो उत्पन्नाच्या क्रमानं समोर येतात. नोंदणी करावी लागत नाही, पैसे लागत नाहीत. फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, त्यामुळे श्रेय देऊन छापता येतात. आमच्यासारख्या शाळांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण प्रोजेक्टर एकच, तो दुसऱ्या वर्गात, आणि इंटरनेट नेमकं तासाच्या वेळी जातं.

म्हणून मी छापील पद्धत बसवली आहे. बारा चुलींचे फोटो घरीच उतरवून घेते आणि त्यांच्या साध्या काळ्यापांढऱ्या झेरॉक्स काढते. देशाचं नाव आणि उत्पन्न कापून मागच्या बाजूला लिहायचं. वर्गात खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधायची, चार-चार मुलांच्या गटाला तीन-तीन फोटो द्यायचे आणि सांगायचं, ‘गरिबाकडून श्रीमंताकडे लावा.’ कपड्यांचे चिमटे लागतात, बस्स.

पहिल्या वर्षी दोन मुलींचा एका फोटोवरून वाद झाला. एक म्हणाली, गॅसची शेगडी आहे, म्हणजे हे घर उजवीकडे. दुसरीनं फोटो खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला आणि म्हणाली, ‘बाई, मागची भिंत बघा ना, वरपर्यंत काजळी आहे. शेगडी आत्ता आली असेल, आधी लाकडंच जाळत असणार.’ मी काहीच शिकवलं नव्हतं. तिनं तो फोटो दोन घरं डावीकडे सरकवला. मागचा आकडा पाहिला तर तिचा अंदाज बरोबर निघाला.

काजळीवरून बोलणं धुराकडे वळलं. जगात 2 अब्जांहून जास्त माणसं अजून उघड्या जाळावर किंवा धूर करणाऱ्या चुलींवर स्वयंपाक करतात. घरातल्या धुरानं 2020 या एका वर्षात अंदाजे 32 लाख जीव गेले, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे मी आधीही सांगायचे, पण तेव्हा मुलं आकडा लिहून घ्यायची. त्या दिवशी मुलांनी विचारलं, मग चूल बदलत का नाहीत? सिलिंडर परवडत नाही का? लाकडं कोण आणतं? मुली आणतात का? संयुक्त राष्ट्रांची 2030 सालापर्यंतची 17 उद्दिष्टं आहेत. त्यातलं सातवं, सगळ्यांना स्वच्छ ऊर्जा मिळावी हे, त्या तासाला मला फळ्यावर सगळ्यात शेवटी लिहावं लागलं. तोपर्यंत मुलं स्वतःच तिथवर पोचली होती.

फोटो उलटले की दुसरी मजा येते. दोरीवर शेजारीशेजारी लागलेली चार घरं चार वेगळ्या देशांतली निघतात. ‘अमुक देश म्हणजे गरीब’ हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि एकाच देशातली दोन घरं दोरीच्या दोन टोकांना दिसली की ते हलतं. माझ्या मते या साइटची खरी ताकद हीच आहे.

आता एक नाजूक गोष्ट. एकदा तास संपल्यावर एक मुलगा माझ्याजवळ रेंगाळला आणि हळूच म्हणाला, ‘बाई, ती तिसरी चूल आहे ना, आमच्याकडे तशीच आहे.’ तो लाजला नव्हता, पण त्यानं वर्ग रिकामा होण्याची वाट पाहिली होती. तेव्हापासून मी एक नियम काटेकोर पाळते: तुमचं घर या दोरीवर कुठे बसेल, असं वर्गात कधीही विचारायचं नाही. आणि चुलींनंतर ‘सगळ्यात आवडती वस्तू’ हा विषय हमखास घ्यायचा. डाव्या टोकाच्या घरातल्या माणसांनाही आवडीनिवडी आहेत, स्वप्नं आहेत हे दिसलं की वर्गातला ‘बिच्चारे’ हा सूर जातो. तो जायलाच हवा.

उणिवाही सांगते. ही घरं म्हणजे त्या देशाची सरासरी नव्हे. एका घरावरून अख्ख्या देशाबद्दल बोलायचं नाही, हे मुलांना सुरुवातीलाच बजावावं लागतं. उत्पन्न डॉलरमध्ये आहे आणि प्रत्येक देशातल्या महागाईचा हिशोब धरून काढलेलं आहे. सातवीला हे समजावताना माझी दमछाक होते, म्हणून मी आकड्यांवर जोर देत नाही, क्रमावर देते. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे फोटो ‘कसं’ ते दाखवतो, ‘का’ ते सांगत नाही. जमीन कोणाकडे होती, युद्ध कुठे झालं, वीज का पोचली नाही, हे शिक्षकालाच सांगावं लागतं. नुसते फोटो दाखवून तास संपवला तर ती केवळ चित्रं बघण्याची तासिका होईल. संडासांचे फोटो घेणार असाल तर खिदळणं होणार. ते होऊ द्यावं, दोन मिनिटांत थांबतं.

मोठ्या वर्गांसाठी याच संस्थेचा हलत्या बुडबुड्यांचा आलेख आहे. आडव्या अक्षावर उत्पन्न, उभ्यावर आयुर्मान, आणि बुडबुडा जितका मोठा तितकी लोकसंख्या. तो संगणकावर उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतो. नववीला छान जमतो, सातवीला मी देत नाही.

ज्या शाळेकडे एक झेरॉक्स मशिन आणि तयारीसाठी एक मोकळा तास आहे, तिनं हे जरूर करून पाहावं. माझ्या झेरॉक्स आता एका जाड पाकिटात आहेत, दोरी आणि चिमट्यांसकट. गेल्या आठवड्यात पाचवीच्या सरांनी ते पाकीट मागून नेलं. त्यांना चुलींऐवजी खेळणी घ्यायची आहेत, म्हणून काल आम्ही दोघं मधल्या सुट्टीत बसून बारा खेळणी निवडत होतो. सात झाली आहेत.