हिच कुईकुई करतो: मध्यम एसयूव्हीमागे ट्रेलर, आठ महिन्यांनंतर

हा रिव्ह्यू मी दोनदा लिहिला. पहिला तिसऱ्या महिन्यात, चिडून. त्यात या वेट डिस्ट्रिब्यूशन हिचला (गाडीला ट्रेलर जोडणारा आणि ट्रेलरचं वजन गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटून देणारा जोड) पाचपैकी दोन तारे दिले होते आणि तीन कापण्याचं कारण एकच होतं: आवाज. आळसामुळे तो टाकायचा राहिला, हे बरंच झालं. पण त्यातला मजकूर फेकून देत नाही, कारण माझी चूक त्यातच आहे.

गाडी तीन रांगांची मध्यम एसयूव्ही. ओढायची मर्यादा २२७० किलो, हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्यावर, येणारं वजन (टंग वेट) जास्तीत जास्त २२७ किलो. ट्रेलर, म्हणजे मागे ओढायचं मुक्कामाचं घर, रिकामा १५८० किलो, भरून कमाल २१००. बाकी स्पेक्स तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील.

तिसऱ्या महिन्यात लिहिलेलं असं:

"वळण आलं की हा हिच ओरडतो. बिनतेलाच्या झोपाळ्याची कडी ओरडते तसा. हायवेवर कळत नाही, पण मुक्कामाच्या जागी रात्री दहाला ट्रेलर रिव्हर्समध्ये लावताना प्रत्येक तंबूतून एक डोकं बाहेर येतं. जिथे बसवून घेतला त्यांच्याकडे दोनदा गेलो. पहिल्यांदा म्हणाले, नवीन आहे, रुळेल. दुसऱ्यांदा म्हणाले, सगळ्यांचाच येतो. आणि हे सांगण्याचे पैसे घेतले. आता मीच इलाज केलाय. ट्रेलरच्या बेअरिंगसाठी आणलेल्या ग्रीसचा अर्धा डबा पडून होता, ते स्प्रिंग बारच्या (हिचच्या डोक्यातून ट्रेलरकडे जाणाऱ्या दोन दांड्यांच्या) टोकांना आणि बार टेकतात त्या ट्रेलरवरच्या ब्रॅकेटना चोपडलं. आवाज गायब! जे यांना दोन चकरांत जमलं नाही ते दहा मिनिटांत आणि फुकट झालं."

हे लिहिताना मी किती खूश होतो, ते आठवून आता कानशिलं गरम होतात.

आवाजाआधी एक खरी तक्रार करण्यासारखी होती, ती मात्र मी तेव्हा एका ओळीत उरकली होती. बसवणाऱ्यांनी हिच रिकाम्या ट्रेलरवर सेट करून दिला होता. ट्रेलर भरल्यावर स्टीअरिंग हलकं लागायचं, पुढची चाकं रस्त्याला चिकटून नाहीत असं वाटायचं. शेवटी टेप घेऊन पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची मोजली. ट्रेलर न जोडता ८८ सेंटिमीटर. ट्रेलर जोडून, स्प्रिंग बार न लावता ९१. बार लावून ९०.५. म्हणजे बॉलवरच्या वजनाने गाडीचं नाक तीन सेंटिमीटर वर उचललं होतं आणि एवढा महागाचा हिच लावून ते जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली आलं होतं. बारचं कामच पुढच्या अ‍ॅक्सलवरून उडालेलं वजन परत आणून देणं हे आहे. निदान निम्मं तरी परत यायला हवं, म्हणजे कमान ८९.५ किंवा त्याखाली. माहितीपुस्तिका बघून हिचच्या डोक्याचा कल स्वतः बदलला, ८९.२ वर आणला, आणि गाडी दुसरीच वाटायला लागली. (काही एसयूव्हींना असा हिच लावायला कंपनीचीच मनाई असते. विकत घेण्याआधी गाडीचं पुस्तक वाचा. मी नंतर वाचलं, सुदैवाने चालत होतं.)

आता चौथ्या महिन्यातलं.

तोवर मला ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर सापडला होता. ओढायची मर्यादा २२७० असली तरी गाडीच्या स्वतःच्या अंगावर किती वजन चालतं ते या स्टिकरवर असतं. माझ्या गाडीला ६१० किलो. त्यात माणसं, सामान, हिच आणि टंग वेट सगळं आलं. आम्ही चौघं मिळून २६५, सामान ८५, हिच स्वतः ४०, टंग वेट २१५. झाले ६०५. वर मुलांच्या दोन सायकली मागच्या सीटा पाडून आत, २५ किलो. ६३०! कागदावर ट्रेलर आरामात बसत होता आणि गाडी मात्र भरून वाहत होती. ब्रोशरमधला ओढायचा आकडा मुळात गाडीत ६८-६८ किलोची दोनच माणसं धरून काढायची पद्धत आहे. तुमच्या घरात दोनच माणसं असतील आणि ती सडपातळ असतील, तर तो आकडा तुमचा.

मग मी डोकं चालवलं. ट्रेलरच्या मागच्या बंपरला रॅक लावला आणि सायकली तिथे टांगल्या. रॅकसकट ३५ किलो. गाडीतले २५ किलो गेलेच, वर ट्रेलरच्या शेपटावर वजन आल्यामुळे बॉलवरचं टंग वेटही उतरलं. एका दगडात दोन पक्षी. बायकोला हे दोनदा समजावून सांगितलं, तिने एकदाच ऐकलं.

जाताना काही झालं नाही. परतीच्या वाटेवर लांब उतार होता, शंभरच्या आसपास वेग, आणि एक मोठी बस बाजूने पुढे गेली. बस जवळ आली की आधी तिची हवा ट्रेलरला बाहेर ढकलते, मग आत ओढते. हे नेहमी होतं, स्टीअरिंगला एक हलका धक्का बसतो आणि संपतं. या वेळी संपलं नाही. आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा डावीकडे दिसला, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा. गाडीचं बूड त्याच्याबरोबर सरकत होतं. डॅशबोर्डवर दिवा लुकलुकायला लागला, गाडीने आपणहून कुठलं तरी चाक धरलेलं जाणवलं. मी काय केलं? ब्रेकवर पाय. म्हणजे नेमकं जे करू नये ते. गाडी हळू झाली की मागचे दोन टन तिला ढकलतात, आणि आधीच तिरका झालेला ट्रेलर आणखी तिरका होतो.

दुसऱ्या सेकंदाला बायको ओरडली, "लिव्हर! लिव्हर दाब!" गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरला हाताने दाबायची एक पट्टी असते, तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. पाय काढला, स्टीअरिंग सरळ धरून ठेवलं, पट्टी दाबली. मागून कोणी कॉलर धरावी तसा ट्रेलरने गाडीला मागे ओढलं आणि तिसऱ्या हेलकाव्यानंतर सगळं एका रेषेत आलं. चार-पाच सेकंदांचा खेळ. पुढचे पंचवीस किलोमीटर साठच्या वर गेलो नाही, आणि गाडीत कोणी बोललं नाही.

थांबल्यावर मी पहिली शिवी हिचला घातली. एवढं वजन, एवढे पैसे, आणि स्वे कंट्रोल, म्हणजे डोलणं रोखतो, म्हणून छापलेलं कुठे गेलं? मग खाली वाकून बघितलं, तर ब्रॅकेट तुळतुळीत चमकत होते. माझ्या ग्रीसने.

या प्रकारच्या हिचमध्ये डोलणं थांबवायला वेगळं यंत्र नसतं. ट्रेलर डावी-उजवीकडे वळायचा म्हटला की बारची टोकं ब्रॅकेटवर लोखंडावर लोखंड घासत सरकतात, आणि ते घर्षण मोडूनच ट्रेलरला हलावं लागतं. ती कुईकुई म्हणजे ते घर्षण. पुस्तिकेत लिहिलं होतं की बारच्या वरच्या खोबणीत, जिथे तो हिचच्या डोक्यात बसतो, तिथे ग्रीस लावा. पुढची ओळ होती, ब्रॅकेटला लावू नका. मी "ग्रीस लावा" एवढं वाचून पुस्तिका मिटली होती. दोनदा हात हलवत परत पाठवणारे ते लोक निदान या बाबतीत बरोबर होते, आणि हे लिहायला मला अजून जड जातंय. त्यांनी "येतोच" म्हणण्याऐवजी "का येतो" एवढं सांगितलं असतं, तर तो अर्धा डबा आजही शिल्लक असता.

पण सगळा दोष ग्रीसचाही नव्हता. हे घरी आल्यावर कळलं.

टंग वेट मोजायचा खास काटा मिळतो. मी घेतला नाही. बाथरूममधला वजनकाटा, एक फळी आणि एक वीट पुरते. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारं पुढचं तोंड) फळीवर विटेपासून एक हात आणि काट्यापासून दोन हात अंतरावर टेकवायचा. फळीचं वजन वजा करून जो आकडा येईल त्याची तिप्पट करायची. माझा आकडा आला ५५. बायको म्हणाली, "म्हणजे माझ्यापेक्षा कमी?" तिप्पट १६५ किलो. ट्रेलर एकूण १९५५. जेमतेम साडेआठ टक्के.

बॉलवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हवं, हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. दहाच्या खाली गेलं की शेपूट डोकं हलवायला लागतं. पण जाताना आम्ही जवळजवळ दहावर होतो. वाटेत जवळपास दीड टक्का गेला कुठे?

पाणी. स्वच्छ पाण्याची टाकी ट्रेलरच्या चाकांच्या बरोबर वर आहे, तिथलं वजन बॉलला जवळपास कळतच नाही. वापरलेलं पाणी जातं ते चाकांच्या सव्वा मीटर मागच्या टाकीत. शंभर लिटर पाणी चार दिवसांत पुढच्या टाकीतून मागच्या टाकीत गेलं, म्हणजे शंभर किलो मागे सरकले, आणि तरफेच्या हिशेबाने बॉलवरचे २९ किलो कमी झाले. सायकलींनी २२ आधीच खाल्ले होते. आणि टाकी भरलेली का होती? निघताना ती रिकामी करायचे वेगळे पैसे लागत होते, पुढच्या थांब्यावर ती सोय फुकट होती. एवढंच कारण.

मध्यम एसयूव्हीची खरी अडचण इथे आहे आणि ती कोणी नीट सांगत नाही. मोठ्या पिकअपवाल्याला १३-१४ टक्के ठेवून निवांत राहता येतं. माझ्या १९५५ किलोला दहा टक्के म्हणजे १९५ किलो, आणि गाडीची मर्यादा २२७. म्हणजे मला फक्त ३२ किलोची खिडकी आहे. भरलेल्या पाण्याचे दोन मोठे डबे चुकीच्या टोकाला गेले तरी मी खिडकीच्या चौकटीवर आपटतो. ट्रेलर घेताना मी ओढायच्या मर्यादेकडे बघितलं. बघायला हवी होती ही खिडकी, आणि दारावरचा स्टिकर.

सायकली आता ट्रेलरच्या आत, चाकांच्या वर, जुन्या चादरीवर आडव्या. रॅक विकायला काढलाय. वापरलेल्या पाण्याची टाकी निघण्याआधी रिकामी, पैसे पडले तरी. ब्रॅकेट आधी ब्रेक क्लीनरने आणि मग सॅंडपेपरने दोन संध्याकाळी घासले. फळी-वीट-काटा दर ट्रिपला, जातानाही आणि परतीला निघतानाही. पाचव्या महिन्यापासून आकडा ७० ते ७३ च्या मध्ये आहे.

ब्रेक कंट्रोलरबद्दल मात्र मला एक शब्द वाईट बोलायचा नाही. मी स्वस्तातला घेणार होतो, ब्रेक दाबला की ठरलेल्या वेळात ठरलेला जोर देणारा. बायकोने प्रपोर्शनल घ्यायला लावला. तो गाडी किती जोराने थांबतेय हे ओळखून ट्रेलरला तेवढेच ब्रेक लावतो. सिग्नलला हळू थांबताना धक्का नाही, अचानक थांबताना मागून ढकलणं नाही. त्याची पट्टी माझ्या उजव्या गुडघ्याजवळ लावली होती, त्या दिवशी ती शोधावी लागली. आता वर, हाताच्या रेषेत घेतली. आणि दर वेळी निघताना रिकाम्या जागेत तीस-चाळीसच्या वेगात एकदा नुसती पट्टी दाबून बघतो, ट्रेलर धरतो की नाही.

बाकी थोडक्यात. ट्रेलरचे टायर वेगळे असतात, त्यांच्यावरची वेगमर्यादा वाचा. माझी १०५ आहे आणि मी आता ९० च्या वर जात नाही. चाकांचे नट चाक बसवल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर परत आवळा, माझा एक ढिला निघाला होता. साखळ्या बॉलखाली एकमेकींना ओलांडून लावा, कपलर निसटला तर तो त्यांच्या झोळीत पडतो. मायलेज निम्मं झालं, समोरून वारा असला तर निम्म्याहून कमी. त्याची तक्रार करणाऱ्यांनी ट्रेलरचा समोरचा भाग एकदा लांबून बघावा, भिंत आहे ती.

तर तारे. हिचला चार. सातव्या महिन्यात तसाच उतार, तशीच एक बस, ट्रेलरने एकदा मान हलवली आणि गप्प. बसवून देणाऱ्यांना एक, तोही आवाजाबद्दल खरं बोलले म्हणून. हिचचा पाचवा तारा मी कापलाय तो कुईकुईबद्दलच. ती का होते ते मला आता पक्कं माहीत आहे. पण रात्री दहाला तंबूतून बाहेर येणाऱ्या डोक्यांना ते माहीत नाही, आणि प्रत्येकाजवळ जाऊन घर्षण समजावून सांगणं मला जमणार नाही.