माळकरी घरासाठी सोयावडी: पाकिटातली घ्यावी की सुटी?

आमच्या घरात तिघांच्याही गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे अंडं, मटण, मासळी यातलं काहीच घरात येत नाही. लेक पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे मैदानावर 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानावर सगळ्या पोरींना एकच सल्ला मिळतो, अंडी खा. माळकरी पोरीनं काय खायचं, हे कुणी धड सांगत नाही. आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर सोयावडीनं दिलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी गरज किती ते बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 55 किलोच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम. रोज घाम गाळणाऱ्या पोरीला याहून जास्त लागणार. आता आपलं ताट बघा. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरींतून 14 ग्रॅमच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात, मटकीच्या उसळीतून आठ, मूठभर शेंगदाण्यांतून सात आणि पेलाभर दुधातून साधारण सहा. बेरीज चाळीसच्या थोडी वर जाते. म्हणजे आपलं जेवण काही निकस नाही. लायसीन आणि मेथिओनीन हे प्रथिनांचे घटक. भाकरीत लायसीन कमी असतं ते डाळ भरून काढते, आणि डाळीत मेथिओनीन कमी असतं ते भाकरी. पण मेहनत करणाऱ्या पोरीसाठी वर अजून पंधराएक ग्रॅम हवेत, आणि त्यासाठी भाकरी-वरण वाढवत गेलं तर पोट गच्च होतं, पळता येत नाही.

इथं वडी कामाला येते. 30 ग्रॅम कोरड्या वडीत साधारण 15 ग्रॅम प्रथिनं. आमच्या लातूरकडे खरिपात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. अख्ख्या दाण्यात 36 ते 38 टक्के प्रथिनं असतात. तेल काढून घेतल्यावर जे पीठ उरतं त्याची वडी होते, म्हणून पाकिटावर 100 ग्रॅमला 52 ग्रॅम असा आकडा दिसतो. मात्र हा आकडा कोरड्या वडीचा आहे. भिजल्यावर वजन तिपटीच्या आसपास जातं, तेव्हा शिजलेली वाटी मोजून 52 धरू नका. कोरडी असतानाच वजनकाट्यावर ठेवा.

पाकिटातली आणि सुटी, मी दोन्ही वापरल्या. सुटी स्वस्त पडते, पण ती कधीची आहे ते कळत नाही. एका दुकानातली वडी भिजवल्यावर लगदा झाली आणि खवट वासानं अख्खी भाजी टाकावी लागली. पाकिटावर तारीख आणि पोषणाचा तक्ता असतो, त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला माझी तयारी आहे. सुटीच घ्यायची तर मूठभर हातात घेऊन वास घ्या, पोत्याच्या तळाशी भुगा फार आहे का बघा. चांगली वडी भिजवून दाबली की पाणी सोडते आणि पुन्हा फुगते. आकारात मला बारीक वडी पसंत आहे, कारण मोठीच्या पोटात मसाला पोचत नाही.

चवीची तक्रार सगळेच करतात, आणि ती खरी आहे. सोयाबीनचा उग्र वास नीट काढला नाही तर पोरं ताटाला हात लावत नाहीत. पाण्याला खळखळून उकळी आणा, मीठ घाला, वडी टाकून गॅस बंद करा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग घट्ट पिळा, गार पाण्यात चोळून धुवा, परत पिळा. पिवळसर फेसाळ पाणी जाईपर्यंत हे करायचं, आळस करायचा नाही. त्यानंतर तेलात कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटण, काळा मसाला, आणि रस्सा दाट करायला चमचाभर येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ). वडी आधी थोड्या तेलावर परतून मग रश्शात सोडली तर जास्त चांगली लागते. सोयाचा चुरा मिळतो तो थालीपीठाच्या भाजणीत किंवा मेथीच्या भाजीत खपून जातो, लहान मुलांसाठी तोच घ्या.

काही गोष्टी सांभाळा. पहिल्या आठवड्यात थोडीच खा, नाहीतर गॅस धरतो. माझ्या जाऊबाईंना थायरॉईडची गोळी चालू आहे. सोयामुळे ती अंगी नीट लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी दोन्हींत चांगलं अंतर ठेवायला सांगितलंय. त्या गोळी पहाटे उपाशीपोटी घेतात, वडी रात्री खातात. आणि वडी मिळते म्हणून डाळ-उसळ बंद करू नका.

एकादशीला वडी चालत नाही. त्या दिवशी लेकीला भगर आणि शेंगदाण्याची दाट आमटी, राजगिऱ्याची लाही दुधात, आणि सराव हलका.

किमतीचं म्हणाल तर त्या 15 ग्रॅम प्रथिनांना आमच्याकडे पाचेक रुपये पडतात. तेवढ्याच प्रथिनांसाठी पनीर घेतलं तर त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, आणि प्रथिनांच्या पावडरीचा डबा तर भरतीची तयारी करणाऱ्या बहुतेक घरांना झेपतच नाही. पाकीट फोडल्यावर मात्र वडी घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, पावसाळ्यात ती लगेच सादळते.