फोनवर आपल्या आवडीचं रेडिओ स्टेशन टाकायचंय? व्हीएलसी, ट्रान्झिस्टर की रेडिओड्रॉइड

आईला सकाळी आकाशवाणी सांगली लागतेच, आणि आता ती आमच्याकडे ठाण्याला राहते, इथे साध्या रेडिओवर सांगली कुठून लागणार. आकाशवाणीचं स्वतःचं न्यूजऑनएअर ॲप आहे, त्यात देशभरातली केंद्रं आहेत आणि ते चांगलंच आहे, पण आईला हवीत दोनच, सांगली आणि विविध भारती, आणि ती ॲप उघडल्या उघडल्या समोर दिसली पाहिजेत. म्हणून स्टेशनची लिंक स्वतः टाकता येईल अशी तीन ॲप्स वापरून बघितली. तिन्ही फुकट, तिन्ही ओपन सोर्स, म्हणजे त्यांचा कोड सगळ्यांना खुला.

आधी लिंकचं सांगते, कारण बरेच जण इथेच अडकतात. वेबसाइटवरच्या "ऐका" बटणाच्या पानाचा पत्ता टाकून काही वाजत नाही, खऱ्या स्ट्रीमचा, म्हणजे नेटवरून जिथून थेट आवाज येतो त्याचा, पत्ता लागतो. आकाशवाणीच्या स्ट्रीम्सचा पत्ता शेवटी एम३यू८ (.m3u8) असा असतो, आणि सोमाएफएमसारखी फक्त नेटवर चालणारी स्टेशनं पीएलएस (.pls) फाइल देतात, ती नुसती छोटी टेक्स्ट फाइल असते, खरा पत्ता आत लिहिलेला असतो.

व्हीएलसी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असतं. स्ट्रीममध्ये जायचं, पत्ता पेस्ट करायचा, नाव बदलायचं, झालं. जवळपास काहीही वाजवतं, आयफोनवरही चालतं. पण ते मुळात व्हिडिओ आणि गाण्यांचं ॲप, त्यामुळे रेडिओ दोनतीन टॅप आत जाऊन बसतो आणि आई दर वेळी माझे व्हॉट्सॲपचे व्हिडिओ लावून बसायची. स्वतःपुरतं वापरायचं असेल तर मात्र दुसरं काही घ्यायची गरजच नाही.

रेडिओड्रॉइड शोधायला फार छान. ते रेडिओ-ब्राउजर नावाच्या, लोकांनीच भरलेल्या यादीवर चालतं, देश भाषा टाकून शोधा, रेकॉर्डिंग आहे, अलार्म पण आहे. अडचण एवढीच की यादीत नसलेलं स्टेशन हवं असेल तर ते त्या सार्वजनिक यादीतच घालावं लागतं. आकाशवाणीला ठीक आहे, पण तुमच्या सोसायटीच्या किंवा देवळाच्या कीर्तनाची खासगी लिंक असेल तर ती जगाला दाखवायची का, हे आधी ठरवा.

ट्रान्झिस्टर माझ्या मते आईबाबांच्या फोनसाठी सगळ्यात बरं. ॲपमध्ये फक्त स्टेशनांची यादी असते, बाकी काही नाही, एकदा टॅप केलं की वाजलं. नवीन स्टेशन घालताना नावाने शोधता येतं (यादी तीच रेडिओ-ब्राउजरची) नाहीतर त्याच जागी सरळ पत्ता पेस्ट करायचा, तो तुमच्याच फोनमध्ये राहतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे स्ट्रीमचे पत्ते बदलतात. एक दिवस सांगली बंद पडली की आई म्हणते फोन बिघडला. ट्रान्झिस्टरच्या सेटिंगमध्ये पत्ता एडिट करायची सोय चालू केली की नाव, आयकॉन, जागा सगळं तसंच ठेवून फक्त पत्ता बदलता येतो. व्हीएलसीमध्ये मी जुनं काढून नवीन टाकत होते. ट्रान्झिस्टर फक्त अँड्रॉइडवर आहे, आईचा आयफोन असता तर व्हीएलसीच टाकून दिलं असतं.

कुठलंही घ्या, फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन (बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी ॲप्स थांबवतो ती सोय) बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळाने रेडिओही बंद पडू शकतो आणि आपण उगाच नेटला दोष देत बसतो.

डेटाचं पण बघा. १२८ केबीपीएसच्या (हा आकडा जितका मोठा तितका डेटा जास्त) स्ट्रीमला तासाला साधारण ५८ एमबी जातात, ६४ ला निम्मे. आई रोज दोन तास ऐकते म्हणजे १२८ वर महिन्याला जवळजवळ साडेतीन जीबी, त्यामुळे घरात वायफाय नसेल आणि स्टेशनने दोन लिंक दिल्या असतील तर कमीवालीच टाका, बातम्या आणि बोलण्याच्या कार्यक्रमांना तेवढं पुरतं.