‘क्वारंटाइन केलेला’ मासा घेताय? आधी पिशवीतलं पाणी तपासा

कोल्हापुरात घरच्या मत्स्यटाकीसाठीचे खाऱ्या पाण्याचे मासे बहुतेक मुंबईहून थर्माकोलच्या पेटीतून येतात. हल्ली त्यांवर ‘क्वारंटाइन केलेला’ (म्हणजे वेगळ्या टाकीत ठेवून रोगमुक्त केलेला) म्हणून जादा पैसे लावले जातात. इथल्याच एका दुकानातून पावडर ब्लू टँग विकला गेला तो असाच: “दादा, महिनाभर औषधात होता, बिनधास्त सोडा.” अंगावर एक ठिपका नव्हता. आठवड्याच्या आत पंखांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके उठले, मग घरचे क्लाउनफिशही गेले. तक्रार केली तर “तुमचं पाणीच खराब”, आणि वर औषध म्हणून लेबल नसलेली निळी बाटली गळ्यात मारली.

पिशवीतलं पाणी ठेवलेलं होतं म्हणून लबाडी उघडी पडली. रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता (विशिष्ट गुरुत्वात मोजलेला खारेपणा) 1.014, आणि टेस्ट किटमध्ये परजीवी मारणारं औषध, म्हणजे तांबं होतं, पण उपचाराच्या मात्रेपेक्षा फारच कमी. एवढ्याने क्रिप्टोकॅरिऑन (हे पांढरे ठिपके आणणारा परजीवी) मरत नाही, दबून राहतो. ठिपके दिसत नाहीत, कल्ल्यांत मात्र परजीवी टिकतो. घरी 1.025 च्या, तांबं नसलेल्या पाण्यात आला की उसळतो. पाणी कितीही खराब असलं तरी हा परजीवी त्यातून आपोआप जन्मत नाही. मासा, दगड, प्रवाळ किंवा पाण्याबरोबरच येतो. त्यामुळे ‘तुमचं पाणी’ ही सबब ऐकूनच घेऊ नका.

बाटलीची परीक्षा सोपी: दहा लिटर खाऱ्या पाण्यात सांगितलेली मात्रा घाला आणि तांबं मोजा. इथे शून्य आलं. निळा रंग सिलिकॉनच्या जोडांवर बसला तो बसलाच. असला रंग बहुधा मेथिलीन ब्लू असतो. तो फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मारतो, अमोनिया चढतो, आणि मासा रोगाऐवजी त्यानेच जातो.

खरा उपचार वेगळ्या रिकाम्या टँकमध्येच करायचा. वाळू नाही, दगड नाही (दोन्ही तांबं शोषतात), लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, स्पंज फिल्टर, हीटर, एअर स्टोन. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, तो औषध शोषतो. चिलेटेड (दुसऱ्या रेणूला बांधलेलं) तांबं 2.0 ते 2.5 मिग्रॅ प्रति लिटर, दोन दिवसांत चढवत न्या आणि 30 दिवस टिकवा. रोज मोजा, कारण एक दिवस घसरलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आयनिक (न बांधलेला) प्रकार असेल तर 0.5 वरच थांबा, आणि त्यासोबत अमोनिया उतरवणारं रसायन घालू नका, तांबं विषारी होतं. कोळंबी-प्रवाळाच्या टँकमध्ये तांबं कधीच नाही.

ठिपके धुळीसारखे बारीक आणि श्वास धापेचा असेल तर व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी रोग समजा. तिथे पांढऱ्या ठिपक्यांवर करतात तसं क्षारता 1.009 वर आणून भागत नाही, तांबंच लागतं, आणि तेही त्याच दिवशी सुरू करून. मासा अंग घासतोय पण ठिपके नाहीत? काळ्या घमेल्यात, तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं धरा. तळाला तिळाएवढे पांढरे ठिपके पडले तर फ्ल्यूक (अंगाला चिकटणारे चपटे कृमी). त्यावर प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक 2.5 मिग्रॅ प्रति लिटर, आठवड्याने पुन्हा एकदा.

मूळ टँक माशांशिवाय 76 दिवस रिकामा ठेवा. क्रिप्टोकॅरिऑनच्या गाठी (त्याची कोषासारखी अवस्था) 72 दिवसांपर्यंत तग धरल्याची नोंद आहे. आणि पुढचा मासा घेताना दुकानदारासमोरच तांबं आणि क्षारता मोजा, उपचार सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख बिलावर लिहून मागा. मोजू देत नसेल तर पैसे खिशातच ठेवा.